छोट्या युनिटचा एक्स्पोर्ट वाढवायचाय? आधी शिकलेलं लिहून ठेवा

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (गुजरातची एमआयडीसीच म्हणा) व्हॉल्व्ह-पंपाचे पार्ट बनवणारे आपले बरेच मराठी लोक आहेत, माल एक नंबर, पण एक्स्पोर्टचं सगळं ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात, तो सोडून गेला की कंपनी परत पहिलीत.

म्हणून एक साधी वही किंवा शीट करा. बायरची प्रत्येक तक्रार, रिजेक्शन, कस्टम्सची क्वेरी त्यात टाका, आणि पुढे काय बदललं तेही, नाहीतर ती नुसती रडगाण्याची वही होते. उदाहरणार्थ लाकडी पेटी. आयएसपीएम-१५ प्रमाणे (लाकडी पॅकिंगमधून कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून असलेला आंतरराष्ट्रीय नियम) लाकूड आतपर्यंत ५६ डिग्रीला सलग ३० मिनिटं तापवून शिक्का लागतो, हे पर्चेसवाल्याला माहीत असतं पण पॅकिंगवाल्या पोराला कोणी सांगतच नाही, मग तो आयत्या वेळी साधी फळी ठोकतो आणि कन्साइनमेंट परदेशी बंदरात अडकते! त्यालाही मीटिंगला बसवा, खरंच.

एलसीचंही (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागद बरोबर असले तर पैसे देण्याची बायरच्या बँकेची हमी) तसंच, त्यात वेगळं लिहिलेलं नसेल तर शिपमेंटपासून २१ दिवसांत, आणि एलसी संपायच्या आत, कागद बँकेत गेले पाहिजेत, हे अकाउंट्स आणि डिस्पॅच दोघांना पाठ हवं.

नवीन ऑर्डर घेण्याआधी त्या देशाची जुनी पानं वाचा, मगच रेट द्या.