एसएनएमपीडीला स्वतःची स्क्रिप्ट जोडताय? या चुका टाळा

नेट-एसएनएमपी या नेटवर्क-देखरेखीच्या सॉफ्टवेअरमधला एसएनएमपीडी हा एजंट, म्हणजे विचारल्यावर मशीनचे आकडे सांगणारा प्रोग्रॅम. त्याला कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ लिहून हवी ती स्क्रिप्ट जोडता येते. सोय इतकी सोपी आहे की तिचा खर्च कुणी मोजत नाही. मग एक दिवस ट्रॅफिकचा ग्राफ मधूनच तुटायला लागतो. केबल बदलून होते, स्विचचा पोर्ट बदलून होतो, तरी ग्राफ तुटतोच.

अशा वेळी आधी स्क्रिप्टकडे बघा. एसएनएमपीडी एका वेळी एकच विनंती हाताळतो. त्याने स्क्रिप्ट चालवायला घेतली की ती संपेपर्यंत नेटवर्क इंटरफेसच्या काउंटरची (ज्यावरून ट्रॅफिकचा ग्राफ निघतो) साधी विचारणाही रांगेत अडकते. त्यात नेट-एसएनएमपीच्या क्लायंटचा, म्हणजे विचारणाऱ्या प्रोग्रॅमचा, टाइमआउट (उत्तराची वाट बघण्याची मुदत) मुळात १ सेकंदाचा, आणि उत्तर आलं नाही तर तो ५ वेळा पुन्हा विचारतो. स्क्रिप्टला ३ सेकंद लागत असतील, तर पहिलं उत्तर मिळेपर्यंत तीच विनंती आणखी दोनदा तरी येऊन पडलेली असते. उत्तर साठवून ठेवलेलं नसेल, तर एजंट प्रत्येक विनंतीसाठी स्क्रिप्ट नव्याने चालवतो. म्हणून ‘टाइमआउट येतोय, रिट्राय वाढवू’ हा उपाय आगीत तेल ओतणारा आहे. वाढवायचाच असेल तर टाइमआउट वाढवा, रिट्राय कमी करा.

आता सगळ्यात महागडी चूक: टेबल देण्यासाठी ‘पास’ (स्क्रिप्ट जोडण्याची एक कॉन्फिग ओळ) वापरणं. ‘पास’मध्ये प्रत्येक विचारणेला नवी प्रोसेस जन्माला येते. ४० ओळींचा एक कॉलम वॉक केला, म्हणजे ओळीमागून ओळ विचारत वाचला, तर ४० ओळींसाठी ४० आणि शेवट कळायला एक, म्हणजे स्क्रिप्ट ४१ वेळा सुरू होते. आत कॅट, ग्रेप आणि ऑक या कमांडची साखळी असेल तर प्रत्येक वेळी आणखी तीन प्रोसेस, म्हणजे एकूण १६४. गेटबल्क (एका विनंतीत अनेक ओळी मागणं) वापरूनही फरक पडत नाही, कारण एजंट आतून एकेक ओळच मागतो. आकडा काढायला लागणारा वेळ किरकोळ असतो. वेळ खातं ते शेल किंवा पायथन पुन्हापुन्हा उभं करणं. खात्री करायची असेल तर वॉक चालू असताना एक्झेकस्नूप हे नव्या प्रोसेस दाखवणारं साधन लावा आणि किती प्रोसेस जन्मतात ते डोळ्यांनी बघा.

टेबलसाठी ‘पास_पर्सिस्ट’ आहे. स्क्रिप्ट एकदाच सुरू होते आणि पाइपवरून बोलत राहते. एजंट ‘पिंग’ पाठवतो, तुम्ही ‘पाँग’ म्हणायचं. नंतर ‘गेट’ (हेच मूल्य द्या) किंवा ‘गेटनेक्स्ट’ (यापुढचं द्या) आणि पुढच्या ओळीत ओआयडी, म्हणजे मूल्याचा टिंबांनी जोडलेल्या आकड्यांचा पत्ता, येतो. उत्तर तीन ओळींचं असतं: ओआयडी, प्रकार, मूल्य. काहीच नसेल तर ‘नन’ (NONE). इथे दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. पहिलं म्हणजे बफर. पायथनचं आउटपुट पाइपमध्ये जात असलं की ते लगेच बाहेर पडत नाही, म्हणून प्रत्येक उत्तरानंतर फ्लश करा, म्हणजे साठलेलं लगेच बाहेर ढकला. नाहीतर स्क्रिप्ट हाताने चालवली की नीट चालते आणि एजंटखाली गप्प बसते. दुसरं म्हणजे क्रम. ओआयडी मजकूर म्हणून लावले तर १० हा २ च्या आधी येतो, आणि वॉक ‘ओआयडी वाढत नाही’ अशी तक्रार करून तिथेच थांबतो. तुकडे पाडून आकडे म्हणूनच क्रम लावा.

‘एक्सटेंड’ (स्क्रिप्ट जोडण्याची आणखी एक कॉन्फिग ओळ) त्यामानाने बरा, कारण तो आउटपुट साठवून ठेवतो; पण मुळात फक्त ५ सेकंद. दर ५ मिनिटांनी पोल करणाऱ्याला (आकडे विचारणाऱ्याला) त्याचा फायदा एकाच फेरीपुरता. तो फायदा पुरता घ्या: दहा आकड्यांसाठी दहा एक्सटेंड लिहू नका, एकच स्क्रिप्ट लिहून दहा ओळी छापा. आणि कुणी अख्खं झाड (एजंटकडचे सगळे ओआयडी) वॉक केलं तर सगळे एक्सटेंड चालतात, तेव्हा ‘व्ह्यू’ (कुणाला काय दिसावं याची मर्यादा) लावून पोलरला लागतो तेवढाच भाग उघडा ठेवा.

माझं ठाम मत असं, की विचारल्यावर मोजायला जाऊच नये. डिस्कचं तापमान घ्या. डिस्कची तब्येत वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल या कमांडला रूटचे (सर्वाधिकारी वापरकर्त्याचे) अधिकार लागतात, म्हणून लोक स्क्रिप्टमध्ये सुडो घालतात. मग दर पोलला एक जास्तीची प्रोसेस आणि लॉगमध्ये नोंदींचा ढीग. त्याऐवजी रूटच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) मोजा, आकडा फाइलमध्ये लिहा आणि एजंटला ती फाइल वाचू द्या. स्मार्टसीटीएलला ‘-एन स्टँडबाय’ द्या, म्हणजे झोपलेली डिस्क उगाच जागी होणार नाही. मात्र थेट त्याच फाइलवर लिहू नका, अर्धवट आकडा वाचला जाईल. त्याच फाइलसिस्टिमवर तात्पुरती फाइल पूर्ण लिहा आणि एमव्ही कमांडने जागेवर आणा.

क्रॉनच्या कामाला फ्लॉक (एका वेळी एकच प्रत चालू देणारं कुलूप) आणि टाइमआउट (मुदत संपली की काम थांबवणारी कमांड) दोन्ही लावा. नाहीतर अडकलेल्या डिस्कवर एकामागून एक स्मार्टसीटीएल साचत जातात. क्रॉनच बंद पडला तर जुना आकडा अनेक दिवस ताजा म्हणून दिसत राहतो आणि ग्राफवर सरळ रेघ येते. त्यामुळे फाइल शेवटची कधी बदलली, तेही एक मूल्य म्हणून एजंटमधून द्या आणि अलार्म त्यावरही लावा.