आजारी सशाची घरातील शुश्रूषा

सशाचा आजार त्याच्या चेहऱ्यावर क्वचितच दिसतो. तो आधी पिंजऱ्यातल्या ट्रेमध्ये दिसतो. निरोगी सशाच्या लेंड्या हरभऱ्याएवढ्या, गोल आणि कोरड्या असतात. त्या बारीक झाल्या, वेड्यावाकड्या होऊ लागल्या, केसांनी एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या आढळल्या किंवा बंदच झाल्या, तर ससा आजारी आहे असे समजून कामाला लागावे. रानात अशक्त दिसणारा ससा आधी शिकार होतो, त्यामुळे दुखणे लपवणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. तो कोपऱ्यात पाठ आक्रसून बसला असेल, डोळे अर्धवट मिटत असेल आणि दात मोठ्याने करकरा खात असेल, तर त्याला वेदना होत आहेत. गोंजारताना येणारी दातांची हलकी टिकटिक मात्र समाधानाची असते. दोन्ही आवाजांतला फरक एकदा ऐकला की कळतो.

हे मी पुरेशा मोठ्या चुकीनंतर शिकले. नेरूळच्या आमच्या घराखालून विसर्जनाची मिरवणूक गेली त्या रात्री ढोल-ताशांनी बिथरलेल्या माझ्या सशाला, भुऱ्याला, मी कपाटाखालून ओढून काढले आणि मांडीवर घेऊन बराच वेळ थोपटत बसले. तो निश्चल झाला, तेव्हा मला वाटले की शांत झाला. प्रत्यक्षात तो भीतीने थिजला होता. सकाळी वाटीतला पाला तसाच होता आणि ट्रे कोरा. मांडीवर घेण्याने धीर आपल्याला मिळतो, सशाला नव्हे. त्याला आराम वाटतो तो अंधारलेल्या, शांत जागेत, आपल्या ओळखीच्या वासात आणि शक्य तितक्या कमी हाताळणीत.

दहा-बारा तास सशाने काही खाल्ले नाही किंवा लेंडी टाकली नाही, तर घरच्या शुश्रूषेवर विसंबून न राहता डॉक्टरांना गाठावे. सशाचे आतडे सतत तंतुमय चारा पुढे सरकवत राहिले तरच चालते. ते मंदावले की आतला माल कोरडा पडतो, वायू धरतो, पोट दुखते आणि पोट दुखते म्हणून ससा आणखीच खात नाही. शिवाय सशाला उलटी करता येत नाही. ठाणे आणि नवी मुंबईतल्या बऱ्याच दवाखान्यांत मुख्यतः कुत्री आणि मांजरेच येतात, तेव्हा ससा धडधाकट असतानाच दोन-चार ठिकाणी फोन करून ‘आपण सशांवर नेहमी उपचार करता का?’ असे स्पष्ट विचारून ठेवावे.

घरी त्याच्यासाठी घराचा असा कोपरा निवडावा जिथे टीव्ही, मिक्सर आणि दाराची बेल यांचा आवाज कमी पोहोचतो. लादी गुळगुळीत असेल तर त्याचे पाय घसरतात आणि अशक्त ससा आणखी घाबरतो. म्हणून खाली गोणपाट आणि त्यावर जुना सुती पंचा अंथरावा. ओला झाला की तो लगेच बदलावा. एका बाजूने आत शिरता येईल असा पुठ्ठ्याचा खोका ठेवला, तर लपण्याची सोय होते. त्याचा सोबती ससा असेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर दोघांना वेगळे करू नये.

ऊब द्यायची की गारवा, हे कानांना हात लावून ठरवावे, कारण ससा अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. कान थंडगार असतील आणि ससा मलूल असेल, तर कोमट पाण्याची पिशवी पंचात गुंडाळून त्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला सरकता येईल. याउलट ठाण्याच्या एप्रिल-मेच्या दमट दुपारी कान तापलेले असतील आणि तो धापा टाकत असेल, तर कानांना ओल्या फडक्याने पुसावे, पंखा लावावा आणि लगेच दवाखान्याकडे निघावे. बर्फाच्या पाण्यात मात्र बुडवू नये.

पाणी बाटलीऐवजी जड, पसरट वाटीत द्यावे. आजारी सशाला वाटीतून पिणे सोपे जाते. वाळके गवत तोंडाजवळ ठेवावे आणि कोथिंबीर किंवा पुदिना धुऊन ओलाच द्यावा, म्हणजे पाल्याबरोबर थोडे पाणीही पोटात जाते. दूध, चपाती, बिस्किटे आणि गोड फळे वर्ज्य. डॉक्टरांनी सिरिंजने भरवायला सांगितले असेल तरच भरवावे, कारण पोट टणक फुगलेले किंवा आतडे अडलेले असताना जबरदस्तीने अन्न देणे घातक ठरते. भरवताना ससा टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून चारी पायांवर बसलेला असावा. पाठीवर कधीही उताणा करू नये. पुढच्या दातांमागे जी मोकळी जागा असते तिथून बाजूने टोक आत सरकवून अर्धा ते एक मिलिलीटर सोडावे, तो चावून गिळेपर्यंत थांबावे, मगच पुढचा घोट. घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जाते.

शेजारच्या काकू प्रेमाने ग्राइप वॉटर सुचवतात. ते देऊ नये. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत. अमॉक्सिसिलिनसारखी काही प्रतिजैविके तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरून तो दगावू शकतो. म्हणून घरातला उरलेला कोर्स वापरण्याचा विचारही मनात आणू नये.

पावसाळ्यात दिवसातून दोनदा सशाची मागची बाजू पाहावी. शेपटीखाली मळ चिकटला, तर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसातही अळ्या पडू शकतात. अंघोळ घालू नये; ओल्या फडक्याने तेवढीच जागा पुसून कोरडी करावी. अळ्या दिसल्या तर थेट डॉक्टर.

दवाखान्यात नेताना हवा खेळणारी टोपली घ्यावी, तळाशी त्याच्याच अंथरुणाचा पंचा आणि मूठभर गवत टाकावे, आणि शक्यतो उन्हे उतरल्यावर निघावे. तातडी असेल तर मात्र उन्हासाठी थांबू नये. उचलताना मागचे पाय नेहमी तळहातावर पेलावेत, नाहीतर झटका देताना त्याच्या कण्याला इजा होते.

भुऱ्याची पहिली लेंडी औषध सुरू केल्यानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिसली: मोहरीहून थोडी मोठी, काळी, कडक. तरीही औषध डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस चालू ठेवले आणि पुढचा आठवडाभर रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीसकट वजन करून त्यातून टोपलीचे वजन वजा करत ते वहीत टिपून ठेवले.