आजीच्या नथीतले मोती जपताना या चुका टाळा

गौरी जवळ आल्या की बेळगाव-खानापूरकडच्या घरांतून दागिन्यांचे डबे खाली उतरतात. नथ, तन्मणी, चिंचपेटी बाहेर येते, आणि मोत्यांचं सर्वांत जास्त नुकसान होतं ते याच दिवसांत. माझ्या हातूनही झालं. सोनं उजळावं म्हणून आजीची नथ मी चिंचेच्या कोळात बुडवून ठेवली. सोनं लखलखलं, पण मोती खडूसारखे पांढरेफट झाले. बेळगावच्या शहापुरातल्या पटवेकरी काकांनी (दागिने दोऱ्यात गाठवून देणाऱ्यांनी) नथ उजेडात धरली आणि एवढंच म्हणाले, "पाणी गेलं की गे ह्याचं."

हे 'पाणी' म्हणजे काय ते कळलं की अर्ध्या चुका आपोआप टळतात. मोती हा जमिनीतून निघालेला खडा नाही. शिंपल्यातला जीव कॅल्शियम कार्बोनेटचे पापुद्रे एकावर एक चढवत जातो, एकेक पापुद्रा साधारण अर्ध्या मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). प्रकाशलहरींची लांबीही जवळपास तेवढीच असते, त्यामुळे थराथरांतून परतणारा उजेड एकमेकांत मिसळून ती आतून आल्यासारखी झाक, म्हणजेच 'पाणी', उमटते. आंबट पदार्थ हेच थर खातो. चिंच, लिंबू, आमसूल, व्हिनेगर यांतलं काहीही मोत्याला लावू नका. एकदा खाल्लेला थर परत येत नाही.

टूथपेस्टही नको. मोत्याचा कठीणपणा मोह्सच्या एक ते दहाच्या मापावर (ज्यावर हिरा दहा) अडीच ते साडेचार, म्हणजे बारीक पुडीनेही त्यावर ओरखडे उठतात. सराफाकडे दागिना धुवायला दिलात तर त्यात मोती आहेत हे स्पष्ट सांगा. कंपनाने साफ करणाऱ्या यंत्रात मोती घालायचे नसतात. मळलेला मोती मऊ मलमलीचं फडकं किंचित ओलं करून पुसावा, सावलीत वाळवावा, बस्स. अत्तर, पावडर, केसांचा स्प्रे सगळं आधी, मोती शेवटी. काढताना मात्र मोती आधी, आणि घाम पुसून मगच डब्यात.

डबा कुठला, हेही महत्त्वाचं. खानापूर, जांबोटीकडच्या पावसात ओल लागेल या भीतीने आपण मोती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधतो, वर ओल शोषणारी पुडी टाकतो. मोत्यात पाण्याचा थोडा अंश असतोच. तो सुकला की बारीक तडे जातात. सुती कापडात गुंडाळा, सोन्याच्या दागिन्यांपासून वेगळे ठेवा, आणि बँकेच्या लॉकरमध्ये वर्षानुवर्षं विसरू नका.

सगळ्यांत महाग चूक वेगळीच आहे. "जुने मोती वाकडे, पिवळट दिसतात, नवे गोल बसवून द्या," असं म्हणून नथ दुकानात देणं. जपानात मिकिमोतो यांनी १८९३ साली अर्धगोल मोती पिकवला, म्हणजे शिंपल्याकडून मुद्दाम तयार करवून घेतला. पूर्ण गोल पिकवलेले मोती बाजारात सर्रास आले ते १९२० नंतर. म्हणजे पणजीच्या लग्नातल्या नथीत मूळचेच मोती असतील तर ते नैसर्गिक असण्याची शक्यता दाट. आपण त्यांना बसरा म्हणतो, पण ते इराकमधल्या बसरा बंदराचे नव्हते. बहारीनच्या आसपासच्या समुद्रात बुडी मारून काढलेले आणि बसरा, मुंबईच्या बाजारांतून फिरलेले. तो पिवळसर दुधी रंग हा दोष नाही. जुने व्यापारी मोत्याची किंमत वजनाच्या वर्गाने लावत: वजन दुप्पट, तर मोल चौपट. असा मोती बदलून चकचकीत नवा घेणं म्हणजे हातचं सोडून देणं.

खात्री करण्यासाठी मोती सुरीने खरवडू नका, काडीने जाळू नका. दातावर हलकेच घासल्यावर खरबरीत लागला तर काचेचा नाही, एवढंच कळतं. पिकवलेलाही तसाच लागतो. नैसर्गिक की पिकवलेला हे प्रयोगशाळेत क्ष-किरणांनीच ठरतं.

आणखी एक गोंधळ. जूनमध्ये जन्म म्हणून मोती, ही महिन्यागणिक जन्मरत्नांची यादी ज्योतिषशास्त्रातली नाही. ती अमेरिकेतल्या सराफांच्या संघटनेने १९१२ साली पक्की केली. आपल्याकडे मोती चंद्राचा, नवरत्नांतला एक. शेजारच्या कानडी काकू त्याला मुत्तु म्हणतात आणि सवाष्णीला मुत्तैदे. त्या शब्दात मला तरी मोतीच ऐकू येतो. जूनच्या मुलीला हौसेने मोती जरूर द्या, पण दोन परंपरा एकच समजून ज्योतिषाशी वाद घालू नका.

शेवटी दोरा. तन्मणी नेहमी वापरात असेल तर दर वर्ष-दोन वर्षांनी पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या, दोन मोत्यांमध्ये गाठ मारायला सांगा. दोरा मळका दिसला, मोती सैल सरकू लागले, की थांबू नका. नथीत तार असते. मोती तारेवर खुळखुळत असेल तर त्याचं वेज, म्हणजे भोक, रुंदावत चाललं आहे. ती नथ या गौरीला घालू नका, आधी काकांना दाखवा.