पीजी विभागाचं इन्स्टाग्राम चालवताय? या चुका टाळा

नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएस प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की गोव्यातल्या हॉस्पिटलांच्या विभागांची इन्स्टाग्राम पेजेस एकदम जागी होतात. चॉइस फिलिंग (कॉलेज आणि विषयांची पसंतीयादी भरणं) तोंडावर आलेलं असतं, सीट रिकामी राहण्याची धास्ती असते, मग एखाद्या जेआरला (ज्युनिअर रेसिडेंट, म्हणजे पीजी करणारा डॉक्टर) मोबाईल देऊन ‘काहीतरी टाक’ म्हणून सांगितलं जातं. अशी पेजेस सांभाळणाऱ्यांना मदत करताना मी दर वर्षी त्याच त्या चुका बघते.

मुळात बरीच पेजेस अमेरिकेतल्या रेसिडेन्सी प्रोग्रामची (तिथल्या पीजी प्रशिक्षणाची) नक्कल असतात. तिथं २०२० मध्ये कोविडमुळे मुलाखती ऑनलाइन झाल्या. उमेदवारांना हॉस्पिटल प्रत्यक्ष बघता येईना, म्हणून अनेक प्रोग्रामनी सोशल मीडियावर खाती उघडली. पण तिथं प्रोग्राम मुलाखत घेतो आणि दोन्ही बाजू आपापली पसंतीयादी लावतात. आपल्याकडे मुलाखतच नाही. रँक आणि भरलेले चॉइस, यावर सीट लागते. जयपूरची किंवा कोळिकोडची मुलगी ऑल इंडिया कोट्यातून (देशभरच्या उमेदवारांसाठीच्या जागांतून) गोवा यादीत वर ठेवायचा की खाली, हे घरी बसून ठरवत असते. रेसिडेंटची आवडती कॉफी कुठली, हे कळून तिचं काही ठरत नाही. तिला ड्युटी रोस्टर हवं असतं.

आणि आपण तिला काय दाखवतो? मिरामारच्या किनाऱ्यावरचा सूर्यास्त.

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. डिसेंबरच्या सीझनमध्ये दुचाकीचे अपघात येत राहतात आणि ऑर्थो-सर्जरीचा जेआर कॅज्युअल्टीतून हलू शकत नाही. त्याला समुद्र दाखवून बोलावलंत आणि पहिल्या काही महिन्यांत तो सीट सोडून गेला, तर त्याचं वर्ष जातं आणि त्याच्या ड्युट्या उरलेल्यांच्या अंगावर पडतात. त्यापेक्षा सरळ लिहा: एका युनिटमध्ये किती जेआर, आठवड्याला किती नाइट, पहिल्या वर्षी स्वतःच्या हातानं काय करायला मिळतं, थिसिसला गाइड कोण, स्टायपेंड वेळेवर येतो का, हॉस्टेल मिळतं का. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२३ च्या पीजी नियमांत कामाची गरज पाहून आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला किमान २० कॅज्युअल लीव्ह आहेत. तुमच्याकडे त्या खरोखर कशा मिळतात, तेही सांगा. भाषेचंही सांगा. पेशंट कोंकणी बोलतात, सावंतवाडी-दोडामार्गहून आलेले मराठी-मालवणी, कारवारकडचे कधी कन्नड. बाहेरून येणारा जेआर पेशंटकडून आजाराची हिस्टरी कशी घेतो, हे सांगणारा साधा व्हिडिओ त्याला दहा रील्सपेक्षा उपयोगी पडतो.

दुसरी चूक वॉर्डात शूटिंग करण्याची. इथं मी कुणाचंच ऐकून घेत नाही.

एका विभागानं सकाळच्या राऊंडचं रील टाकलं. पेशंटचे चेहरे नीट ब्लर केले होते. पण मागच्या फळ्यावर बेड नंबरसमोर नावं आणि ऑपरेशनं लिहिलेली होती. पेडण्याकडच्या एका बाईंनी आपल्या ऑपरेशनबद्दल शेजारीपाजारी कुणाला कळू दिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत रील त्यांच्या वाड्यावरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होतं. बारा तालुक्यांचं राज्य आपलं, इथं नाव आणि आडनाव मिळालं की गाव कळायला किती वेळ लागतो? मुलगा येऊन एवढंच विचारत राहिला, ‘आईला कोणी विचारलं होतं?’ एचओडींनी (विभागप्रमुखांनी) बेडपाशी जाऊन माफी मागितली. रील काढलं, पण फॉरवर्ड झालेलं परत येत नाही.

पेशंट दाखल होताना घेतलेली संमती उपचारांसाठी असते, तुमच्या पेजसाठी नव्हे. पेशंट ओळखू येईल असा फोटो परवानगीशिवाय प्रसिद्ध करायला डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांतही मनाई आहे. म्हणून मी वॉर्डात कॅमेरा नेऊच देत नाही. सेमिनार रूम, लायब्ररी, हॉस्टेलचा जिना, पेशंट नसताना रिकामी ओटी (ऑपरेशन थिएटर), एवढं पुरतं. टाकण्याआधी व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर आवाज बंद करून थांबत थांबत बघायचा, मग स्क्रीन झाकून नुसता ऐकायचा, कारण मागे सिस्टर कुणाचं तरी नाव पुकारत असतात. शेवटी इनचार्ज सिस्टरना दाखवायचा. त्यांना जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही. यात एक दिवस जातो. तेवढा धीर नसेल त्यानं पेज चालवू नये.

बाकीचं थोडक्यात. पासवर्ड एकाच रेसिडेंटकडे ठेवू नका, तो पास होऊन गेला की पेज गेलं. खातं विभागाच्या ईमेलवर काढा. फॉलोअर विकत घेऊ नका. नाइट करून आलेल्या जेआरवर मेसेजना उत्तरं देण्याचं काम लादू नका, त्यासाठी एखाद्या शिक्षकाची जबाबदारी ठरवा. एरवी गप्प राहून फक्त काउन्सेलिंगच्या (सीट वाटपाच्या) आठवड्यात धडाधड पोस्ट टाकल्या, तर मुलं पेजवरची शेवटची तारीख बघून काय ते ओळखतात.

आणि कमेंट्सवर लक्ष ठेवा. ‘सीट कन्फर्म, मेसेज करा’ म्हणणारे दलाल तिथं लगेच येतात. दिसताक्षणी ब्लॉक करा आणि प्रवेश फक्त अधिकृत काउन्सेलिंगमधूनच होतो, विभाग कुणाकडून पैसे घेत नाही, ही पोस्ट वर पिन करून ठेवा, स्ट्रे राऊंड (उरलेल्या सीटांची शेवटची फेरी) संपेपर्यंत.