नदीचं पाणी धरणात मिसळतं कुठे? नाथसागरात नमुने घेताना या चुका टाळा

पावसाळ्यात प्रवरासंगमाच्या (प्रवरा गोदावरीला मिळते त्या ठिकाणाच्या) खाली, नाथसागराच्या म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या फुगवट्यात, गढूळ पाणी एका रेषेवर अचानक संपल्यासारखं दिसतं. प्रकल्पासाठी आलेली कॉलेजची मुलं वहीत लिहून घेतात: इथवर नदी, पुढे धरण. सगळ्यात मोठी चूक हीच. गोदावरी तिथे बुडी मारून तळाने पुढे गेलेली असू शकते.

गाळाचं पाणी जड असतं. पंचवीस-सत्तावीस अंशांचं पाणी दोन अंशांनी गार झाल्यावर जेवढं जड होतं, साधारण तेवढंच लिटरमागे 1 ग्रॅम गाळानेही होतं. त्यात पुराचं पाणी गारही असेल तर ते तळ धरणारच. बुडीच्या रेषेवर काटक्या, फेस, जलपर्णी साचते, कारण धरणाचं वरचं पाणीही उलटं तिकडेच ओढलं जातं. ही रेषा दिसली की तिच्या अलीकडे आणि पलीकडे वर, मध्ये आणि तळाशी नमुने घ्या. महागडं उपकरण लागत नाही. जड दगड बांधलेली बाटली, बुचाला वेगळी दोरी आणि दर मीटरला गाठ. बाटली हव्या त्या गाठीपर्यंत सोडायची, मग झटका देऊन बूच काढायचं. बुडबुडे थांबले की वर ओढायची.

खाडीचं चित्र इथे लावू नका. समुद्राचं खारं पाणी जड, म्हणून नदी वर तरंगते. इथे दोन्ही पाणी गोडंच. कोण वर, कोण खाली हे ऊन आणि गाळ ठरवतात. उन्हाने तापलेला, निवळलेला बारीक प्रवाह धरणात वरच्या वर पसरू शकतो. शिवाय नाथसागर पसरट आहे, जोराचा वारा सुटला की थर मोडतात. म्हणून वेळ आणि वारा नोंदवाच.

गढूळपणावरून मिश्रण मोजणं ही आणखी एक चूक. गाळ वाटेत बसतो, त्यामुळे नितळ दिसणारं पाणीही नदीचंच असू शकतं. त्यापेक्षा विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांमुळे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते, मोजा, 25 अंश तापमानाला जुळवून. समजा नदीचं पाणी 300, धरणाचं 500 आणि मधला नमुना 450 मायक्रोसीमेन्स भरला, तर त्यात नदीचा वाटा पाव. नदीचे आणि धरणाचे नमुने मात्र त्याच दिवशीचे हवेत. प्रवरा आणि गोदावरी यांचे आकडे वेगळे निघाले तर पाणी तीन प्रकारचं झालं, मग एकट्या वाहकतेवर भागत नाही. क्लोराइडही तपासावं लागतं.

मागच्या वर्षीचं ठिकाणही चालत नाही. पातळी उतरली की नदीचं मुख धरणाकडे सरकतं.

वरून किती पाणी सोडलंय हे बहुतेक जण बघतच नाहीत. दारणा, गंगापूर, भंडारदरा, मुळा या वरच्या धरणांच्या विसर्गाचे आकडे निघण्याआधी बघा आणि नमुन्यांसोबत लिहा. मोठा विसर्ग चालू असेल तर होडी पाण्यात घालूच नका. नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा वन विभागाची परवानगी आधी घ्या.