बुरशी आलेल्या लाकडावर चिकन, मासे स्मोक करायचे का?

पावसाळा संपला की पडवीतल्या आंब्याच्या, पेरूच्या ओंडक्यांवर हमखास पांढरी-हिरवी बुरशी दिसते, मग प्रश्न पडतो की हे स्मोकरमधे (लाकडाच्या धुरावर मांस-मासे शिजवायच्या भट्टीत) टाकायचं का. मी तरी नाही टाकत. जाळात सगळं जळून जातं असं लोक म्हणतात, पण स्मोकिंगमधे लाकूड धडाडून पेटत नाही, ते धुमसतं आणि तोच धूर तासन्‌तास चिकनवर बसतो, म्हणजे कुबट वास तर लागतोच, वर काही बुरशींची विषं साध्या शिजवण्याच्या उष्णतेने जातही नाहीत.

तरी फेकायच्या आधी एक ओंडका फोडून बघा. आतून कडक असेल, वास स्वच्छ असेल आणि बुरशी फक्त सालीवर असेल तर साल सोला, तारेच्या ब्रशने घासा (मास्क लावून हां, दमा असेल तर दुसऱ्याला सांगा) आणि कडक उन्हात चांगलं वाळवा. ओलावा २०% च्या खाली हवा, मीटर नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा, ठणठण वाजले तर वाळलेत, ठप्प आवाज आला तर अजून ओले. आधी बाजूला पेटवून निखारे करून घेतले तर अजून बरं.

भुसभुशीत किंवा आतपर्यंत काळं पडलेलं लाकूड मात्र सरळ बंबात.

पुढच्या वर्षी ओंडके विटांवर रचा, वरून ताडपत्री टाका पण बाजू उघड्या ठेवा, प्लास्टिकमधे गुंडाळलंत तर परत तेच.