गाडी घरी आली आणि कर्ज फिसकटले: अमेरिकेतील खरेदीदाराने काय करावे

अमेरिकेत डीलरकडून हप्त्यावर गाडी घेतली, चार-पाच दिवस वापरलीही, आणि मग शोरूममधून फोन येतो : 'बँकेने कर्ज नाकारले, नव्या कागदांवर सही करायला या.' हा प्रकार तिथे इतका रुळला आहे की त्याला 'यो-यो फायनान्सिंग' असे नाव पडले आहे.

फोन ठेवल्यावर लगेच शोरूम गाठू नये; आधी सही केलेले सगळे कागद काढून वाचावेत. अशा करारात कर्ज देणारा बहुधा स्वतः डीलरच असतो आणि तो करार नंतर बँकेला विकतो. त्यामुळे बँकेने तो घेतला नाही एवढ्याने तुमची खरेदी आपोआप रद्द होत नाही. डीलरला करार रद्द करण्याचा हक्क देणारे कलम आहे का आणि त्याची मुदत किती, हे पाहावे. कधीकधी ते स्वतंत्र पानावर असते. कॅलिफोर्नियातील प्रचलित करारांत ही मुदत बहुधा 10 दिवसांची असते. वॉशिंग्टन राज्यात कायद्याने 4 दिवस आहेत, शनिवार, रविवार आणि सुट्ट्या वगळून. मुदत उलटून गेली असेल, तर जुन्याच करारावर ठाम राहावे आणि ठरलेला हप्ता वेळेवर भरावा.

नकार कोणी व का दिला, हे ईमेलने विचारावे. 1974 च्या समान पतसंधी कायद्यानुसार, अर्ज नाकारणाऱ्या संस्थेने साधारणपणे 30 दिवसांत तशी लेखी सूचना द्यावी लागते. नकार पतअहवालावर (तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीवर) आधारित असेल, तर 60 दिवसांत मागितल्यास तो अहवाल मोफत मिळतो. खरोखर कोणत्याही बँकेने नकार दिलेलाच नसेल, तर ते इथेच उघडे पडते.

नव्या करारावर सही करण्याची सक्ती नाही. 25,000 डॉलरचे 60 महिन्यांचे कर्ज नव्या करारात 6 ऐवजी 11 टक्के व्याजाने घेतले, तर हप्ता महिन्याला सुमारे 60 डॉलरने वाढतो. ऐकायला किरकोळ, पण एकूण सुमारे 3,600 डॉलर जास्त जातात.

डीलरने करार रीतसर रद्द केला असेल, तर गाडी दडवून ठेवू नये. मात्र डाउन पेमेंट आणि बदल्यात दिलेली जुनी गाडी परत मागावी. 'तुमची गाडी विकून टाकली' हे उत्तर पुष्कळदा दबावासाठीच असते, तेव्हा ते लेखी मागावे आणि ठरलेली किंमत वसूल करावी. नवी गाडी परत करताना ओडोमीटरचा आणि चारही बाजूंचा फोटो काढून सहीची पोच घ्यावी, आणि तोवर विमा बंद करू नये.

गाडीची खरेदी तीन दिवसांत रद्द करता येते, हा गैरसमज फार पसरलेला आहे. तीन दिवसांत खरेदी रद्द करता येण्याचा केंद्रीय नियम शोरूममध्ये घेतलेल्या गाडीला लागू नाही.

डीलर ऐकत नसेल, तर राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे) आणि फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे तक्रार करावी. मात्र करारात लवादाचे (वाद कोर्टाबाहेर त्रयस्थाकडून सोडवण्याचे) कलम असल्यास आधी ग्राहक-कायद्याच्या वकिलाला कागद दाखवावेत.